आयआरएतून कर्ज देण्याआधी

प्रिय,

तुझा मेल दोनदा वाचला. जुन्या नोकरीतला ४०१-के (नोकरीतून मिळणारं अमेरिकी निवृत्ती खातं) सेल्फ-डायरेक्टेड आयआरएत, म्हणजे पैसे कुठे गुंतवायचे ते तूच ठरवतोस अशा वैयक्तिक निवृत्ती खात्यात, आणलास आणि आता त्यातून बाबांना पुण्यातल्या फ्लॅटसाठी ६०,००० डॉलर द्यायचे म्हणतोस, रीतसर व्याज लावून. व्याज बाजारभावाने लावलंस तरी हे करू नकोस.

अमेरिकी करकायद्याच्या कलम ४९७५ मध्ये यादीच आहे: तू, तुझी बायको, आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं आणि मुला-नातवंडांचे जोडीदार. यांच्याशी तुझ्या खात्याने कर्ज, खरेदी, भाडं, काहीच करायचं नाही. सख्खे भाऊबहीण यादीत नाहीत, याचं आपल्या माणसांना नवल वाटतं. पण भावाच्या हातून पैसे बाबांकडे वळवलेस, तर तेही अंगाशी येईल.

शिक्षा फार कडक आहे. त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ते खातं आयआरए राहतच नाही, सगळी रक्कम तू काढून घेतलीस असं धरतात. त्यावर आयकर, आणि वयाने साडेएकोणसाठच्या आत असशील तर सहसा आणखी १० टक्के. दोन भागीदारांनी २००१ मध्ये आपापल्या आयआरएच्या पैशातून कंपनी उभी केली आणि तिच्या कर्जाला स्वतःची हमी दिली. २०१३ मध्ये टॅक्स कोर्टाने ती हमीच निषिद्ध ठरवली. बारा वर्षांनी!

मित्राला घर दुरुस्तीसाठी याच खात्यातून कर्ज द्यायचं म्हणतोस, ते जमेल. प्रॉमिसरी नोटवर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या लेखी वचनावर, कर्ज देणारा म्हणून तुझं नाव नको. कस्टोडियनचं, म्हणजे तुझं खातं सांभाळणाऱ्या संस्थेचं नाव, पुढे 'तुझ्या आयआरएच्या लाभार्थ' असं हवं. घर तारण घे आणि ते काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) कार्यालयात नोंदव. माझ्या पहिल्या कर्जदाराने व्याजाचा चेक माझ्या नावाने लिहून थेट घरी धाडला. मी तो बँकेत न भरता तसाच परत पाठवला आणि कस्टोडियनच्या नावाने नवा मागवला. दहा दिवस गेले, पण खातं वाचलं. कस्टोडियन कागद सांभाळतो. कर्जदार कसा आहे, तारण पुरेसं आहे का, हे तो बघत नाही. ते तुलाच बघायचं आहे.

आणि सगळे पैसे गुंतवून टाकू नकोस. कर्ज बुडून घर खात्याकडे आलं, तर प्रॉपर्टी टॅक्स, प्लंबर, सगळं खात्यातूनच द्यावं लागतं. गळका नळही स्वतः जाऊन दुरुस्त करायचा नाही. खिशातून खात्यात भर घालायची म्हटलीस तर २०२६ साठी तुझ्या वयाला वर्षाला ७,५०० डॉलरच.

बाबांसाठी तुझ्या बचतीतून दे. किंवा आत्ताच्या नोकरीतल्या ४०१-केमध्ये सोय असेल तर तिथून कर्ज घे: तुझ्या हक्काच्या शिलकेच्या निम्मे, जास्तीत जास्त ५०,०००. ते तुझं स्वतःचं कर्ज असतं, मग पैसे कुणाला द्यायचे ते तू ठरव.

मित्राच्या नोटचा मसुदा सहीआधी मला पाठव. रविवारी फोनवर ओळ न् ओळ वाचू.

तुझा,
काका