बँकेत मॅनेजर चांगला असला की प्रॉडक्टिव्हिटी खरंच वाढते का? आणि ती मोजतात कशी?

वाढते. पण सगळे जो आकडा नाचवतात, पर एम्प्लॉयी बिझनेस, म्हणजे ठेवी अधिक कर्जं भागिले स्टाफ, त्यात मॅनेजरची अक्कल किती आणि ब्रँचचं नशीब किती हे कळत नाही. ह्याच आकड्यावरून माझं आमच्या ब्रँचच्या जुन्या मॅनेजरसाहेबांशी वाजलेलं, म्हणून लिहितोय.

साहेबांचं पालुपद एकच, टार्गेट. वर्षअखेरीला मोठ्या खातेदारांच्या हातापाया पडून ठेवी आणायच्या, पुढच्या आठवड्यात त्या निघून जायच्या, पण रिपोर्टात ब्रँच टॉपला. कर्जाच्या फाइली घाईघाईत वर ढकलायच्या आणि त्या क्वेरी लागून परत, कुठे उत्पन्नाचा कागद जुना, कुठे जामीनदाराची सही राहिलेली. मग मॅडम आल्या. त्यांनी टार्गेटचा ट काढला नाही, परत आलेल्या फाइलींचा गठ्ठा घेऊन बसल्या, कुठल्या क्वेरी सारख्या येतात त्याची यादी केली आणि ती काउंटरवरच तपासायची, अपुरी फाइल आत घ्यायचीच नाही असं ठरवलं. स्टाफ तोच, कॉम्प्युटर तेच, पण आम्ही वेळेवर घरी जायला लागलो. आणि साहेबांनी वाटलेली कर्जं 90 दिवस थकून एनपीए, म्हणजे वसुली अडकलेली कर्जं, झाली ती मॅडमच्या माथी! साहेब तोवर प्रमोशन घेऊन वर.

मोजायचं म्हणाल तर संशोधक लोक 2012 मध्ये देमर्जियन, लेव्ह आणि मॅकवे यांनी मांडलेली पद्धत बँकांना जुळवून घेऊन वापरतात: आधी संस्थेची कार्यक्षमता काढायची, त्यातून आकार, मार्केट शेअर, वय वगैरेंचा वाटा वजा करायचा, उरेल ते मॅनेजमेंटच्या खात्यात. अर्थात त्या उरलेल्यात नशीबही असतंच. आणि नुसत्या टार्गेटने काय होतं ते अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत 2016 ला दिसलं, ग्राहकांना न विचारता खाती उघडली, 18.5 कोटी डॉलर दंड, सुमारे 5,300 लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

तेव्हा मॅनेजर जोखायचा तर त्याची बदली झाल्यावर दोनेक वर्षांनी त्याच्या सहीची कर्जं बघा. हां, व्याजदर, स्टाफ, मंजुरीची मर्यादा सगळं वरूनच ठरतं, मंदी आली तर चांगल्या मॅनेजरचीही कर्जं बुडतात, त्यामुळे माझ्या एका ब्रँचवरून अख्ख्या बँकेचं गणित मांडू नका. पण फाइली परत येणं कोणाच्या काळात कमी झालं हे इनवर्ड रजिस्टरात लिहिलेलं आहे, साहेब काहीही म्हणोत.