अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना खेळायचे पैसे द्यावेत का?

द्यायलाच हवेत. तिथलं कॉलेज फुटबॉल म्हणजे आपल्याकडची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हे. लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम्स, टीव्हीचे अब्जावधी डॉलर्सचे करार, प्रशिक्षकांना गडगंज पगार. आणि ज्याचा गुडघा निकामी होतो त्या पोराला? वर्षानुवर्षं फक्त शिष्यवृत्ती, खोली आणि जेवण.

एड ओ'बॅननचंच बघा. १९९५ साली यूसीएलएला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला, बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवून देणारा हा खेळाडू. पुढे एका मित्राच्या घरी व्हिडिओ गेममध्ये त्याला तो स्वतःच दिसला: तोच ३१ नंबर, तसंच टक्कल, तसाच डावखुरा. गेम दुकानात विकला जात होता, याला मात्र एक पैसाही मिळाला नव्हता. २००९ मध्ये तो कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेविरुद्ध कोर्टात गेला, आणि तिथून गाडी पुढे सरकली.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंना मिळणाऱ्या शिक्षणाशी निगडित लाभांवरच्या एनसीएएच्या मर्यादा ९-० ने बेकायदा ठरवल्या. त्याच जुलैपासून खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येऊ लागलं. २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर तर कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर्सची.

मला काळजी वाटते ती वाटपाची. बहुतेक रक्कम फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडेच जाते. पहाटे पाचला तलावात उतरणाऱ्या मुलीच्या वाट्याला फारसं काही येत नाही, उलट खर्च भागवायला तिचा संघच बंद होण्याची भीती असते. त्यामुळे पैसे द्याच, पण पोहण्यासारख्या खेळांच्या संघांना हात न लावण्याची अट घालून.