फॉर्मच्या एपीआयला पहिल्यांदा हात घालताना

निफाडच्या द्राक्ष बागायतदारांनी ऑनलाइन फॉर्ममध्ये भरलेली नोंदणी एपीआयने, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून डेटा मागायच्या सोयीने, ओढायचं काम घेऊ का, असं विचारलंस. सुरुवातीला छान काम आहे, बिनधास्त घे. फक्त लगेच कोड लिहायला बसू नकोस. आधी पोस्टमनमधून (एपीआय हाताने तपासायचं साधन) एकच रिक्वेस्ट पाठव आणि उत्तरादाखल आलेला जेसन (JSON, डेटाचा मजकुरी साचा) नीट वाच. ४०१ (ओळख पटली नाही) हा एरर आला तर गडबड टोकनमध्ये, म्हणजे एपीआयच्या गुप्त किल्लीत, आहे, तुझ्या लूपमध्ये नाही.

टाइपफॉर्म ही ऑनलाइन फॉर्मची सेवा वापरतोयस, तर नवखे हमखास इथे अडकतात:

- उत्तरं क्रमाने उचलतात. रिकामा सोडलेला प्रश्न उत्तरांच्या यादीत येतच नाही. एकाने 'गाव' सोडलं की त्याचं क्षेत्र गावाच्या रकान्यात जाऊन बसतं. प्रश्नाच्या आयडीनेच उत्तर शोध.
- पहिलं पान म्हणजे सगळा डेटा समजतात. वेगळं सांगितलं नाही तर २५च नोंदी येतात.
- वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते. पिंपळगावहून संध्याकाळी साडेसातला भरलेला फॉर्म १४:०० चा दिसेल. साडेपाच तास मिळव.

टोकन कोडमध्ये लिहू नकोस, गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) तर अजिबात चढवू नकोस. शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर आहेत त्यामागे.

वेबहुकच्या (फॉर्म भरताच टाइपफॉर्मने स्वतःहून नोंद पाठवायच्या सोयीच्या) वाटेला इतक्यात जाऊ नकोस. तासातासाला नोंदी ओढणारी साधी स्क्रिप्ट या कामाला पुरते. अडलास तर एररचा पूर्ण मजकूर पाठव, नुसतं 'चालत नाहीये' नको.