कथा लिहिणाऱ्या माणसाचं रोजचं जगणं कसं असतं?

तुम्ही विचारलंय की कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्याला रोज कशाचा आनंद होतो, कशाची भीती वाटते, आणि लिहिण्यासाठी नोकरी सोडावी का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नोकरी सोडू नका. का, ते खाली हिशेबासकट सांगितलंय.

मी अमळनेरला राहते, एका पतसंस्थेत काम करते आणि बरीच वर्षं कथा लिहिते आहे. एक संग्रह आलाय, कादंबरीचं काम चालू आहे. मी जे सांगतेय ते खान्देशात राहून लिहिणाऱ्या बाईचं आहे, पुण्या-मुंबईतल्या लेखकांचं थोडं वेगळं असेल.

आधी आनंद, कारण तो नसता तर बाकीचं कुणी सोसलंच नसतं. नाव छापून आल्याचा आनंद असतो, पण तो अंक घरी येतो त्या आठवड्यापुरता. रोज पुरतो तो माणसांना विचारण्याचा आनंद. एका कथेत मला केळीची बाग हवी होती आणि त्या बागेवर हरण्या रोग यायला हवा होता. सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूमुळे केळीवर येणाऱ्या रोगाला जळगावकडचे शेतकरी हरण्या म्हणतात. मी रावेर तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेले. मावा नावाची बारीक कीड हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, पानांवर पिवळट पट्टे दिसले की ते झाड मुळासकट उपटून बागेबाहेर न्यायचं आणि नष्ट करायचं, नाहीतर शेजारची झाडंही जातात, हे त्यांनी समजावून सांगितलं. एवढं पुस्तकातही मिळालं असतं. मग मी विचारलं, झाडं उपटली त्या दिवशी तुम्ही काय केलं? ते म्हणाले, मजूर लावले आणि दिवसभर बागेकडे फिरकलो नाही.

माझ्या मनात तोवर कथेतली बाई बागेत उभी होती. ते ऐकल्यावर मी तिला घरात आणलं, दार लोटून घेतलं आणि समोर निवडायला गहू दिले. कथा तिथून सरळ पुढे गेली. छापून आल्यावर त्या शेतकऱ्यांनी मुलाकडून वाचून घेतली आणि मला फोन केला: ‘ताई, गहू निवडनं पटलं नाही. त्या दिवशी हाताले काहीच सुचत नाही.’ मला अजून वाटतं की तिला गहू हवेतच, हात रिकामे राहिले तर ती बागेकडे धावेल. त्यांना ते मान्य नाही. भेटलो की हा वाद होतोच. कधी कुणाला न भेटलेल्या, कागदावरच्या एका बाईच्या हातांबद्दल दोन मोठी माणसं इतक्या कळकळीनं भांडतात, यापेक्षा जास्त मला लिहिण्यातून काय हवं?

दुसरा आनंद बोलीचा. आमच्याकडे पाच-दहा कोसांवर बोलणं बदलतं. अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, सातपुड्यात शिरलात की भिली आणि पावरी या आदिवासी बोली. तुम्ही शिरपूरचे, म्हणजे हे सगळं तुमच्या कानावरून रोज जात असणार. बाजाराच्या दिवशी एसटीत बसलं की कुणीतरी मागच्या सीटवर असं काही बोलून जातं की उतरेपर्यंत ते पुटपुटत राहावं लागतं, नाहीतर विसरायला होतं. यातूनच एक त्रासही निघतो. एका दिवाळी अंकात माझ्या कथेतल्या म्हातारीचे सगळे संवाद प्रमाण मराठीत करून छापले गेले. मला न विचारता. ‘काय करी राहिना रे भाऊ’ म्हणणारी बाई ‘काय करतो आहेस’ म्हणाली आणि शाळेच्या बाईंसारखी दिसायला लागली. मला त्या रात्री झोप आली नाही. तेव्हापासून संहितेच्या पहिल्या पानावर मी ठळक लिहिते की संवाद अहिराणीतच ठेवावेत. नाशिक-नागपूरच्या वाचकाला एखादी ओळ कळली नाही तरी चालेल, आसपासच्या दोन ओळींवरून तो अर्थ लावतो. वाचकाला तेवढं जमतं.

आता भीती. नकाराची भीती पहिल्या काही वर्षांत जाते. कथा परत येते, किंवा पोचसुद्धा येत नाही, आणि आपण ती दुसरीकडे पाठवतो. जी जात नाही ती ओळखू येण्याची भीती. पात्रं आभाळातून पडत नाहीत. ती जाऊबाईंच्या बोलण्यातून, पतसंस्थेच्या काउंटरवर कर्ज मागताना मान खाली घालणाऱ्या माणसातून, आपल्या आईच्या गप्प बसण्यातून येतात. आणि ही सगळी माणसं इथेच राहतात, लग्नाला भेटतात, तेराव्याला भेटतात.

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि गाणी म्हणतात. त्या गाण्यांत सासरचा जाच असतो, माहेरची ओढ असते, नवऱ्यावरचा राग असतो. नाव कुणाचंच नसतं, तरी ऐकणाऱ्या बायांना बरंच कळतं, आणि गाणारीला कुणी जाब विचारत नाही. मला नेहमी वाटतं, आम्ही करतो ते हेच. फरक एवढाच की गाणं सगळ्यांचं असतं आणि कथेखाली माझं नाव असतं. म्हणून जाब मला विचारला जातो. ‘ती गोष्ट माझ्यावरच लिहिली ना?’ असं मला ज्यांनी विचारलं, त्यांच्यावर ती बहुतेक वेळा नव्हती. ज्यांच्यावर होती त्यांनी कधी विचारलं नाही, आणि त्यांचं न विचारणं मला जास्त जड जातं.

मी गाव बदलते, धंदा बदलते, तीन माणसांचं मिळून एक करते. तरी एक कथा अशी आहे की कितीही बदललं तरी ती बाई त्यातून दिसतेच. कथा चांगली उतरली आहे. पण ती बाई हयात आहे तोवर मी ती कुठेही पाठवणार नाही. काही लेखकमित्रांना हे पटत नाही, ते म्हणतात साहित्यापुढे बाकीचं दुय्यम. मला ते तसं वाटत नाही.

याच्या शेजारची भीती म्हणजे ज्यांच्यात आपण वाढलो नाही त्यांच्याबद्दल लिहिण्याची. धडगाव-अक्कलकुव्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाबद्दल मला लिहायचं होतं. सुरुवात केली आणि थांबले, कारण पावरा माणसाच्या तोंडी मी घातलेला प्रत्येक शब्द मला बाहेरून घातल्यासारखा वाटत होता. ती कथा मी ऊसतोडीला गेलेल्यांच्या बंद घरांकडे बघणाऱ्या एका शिक्षिकेच्या नजरेतून लिहिते आहे. तिला जेवढं कळतं तेवढंच वाचकाला कळेल. बाकीचं पावरी बोलणाऱ्या कुणीतरी लिहायला हवं, आणि तशी मुलं आता लिहितही आहेत.

आणि न सुचण्याची भीती? ती येते, राहते, जाते. शेत एखाद्या हंगामात पडीक ठेवतात तसं त्या दिवसांत मी फक्त वाचते आणि लोकांचं ऐकते. त्यावर अजून काही सांगण्यासारखं नाही.

वस्तुस्थितीकडे येते. आधी वेळ. नोकरी आणि घर सांभाळून हाती लागते ती पहाट. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, दुपारी डोकं चालत नाही, तेव्हा सात वाजायच्या आत गच्चीवर बसून जेवढं होईल तेवढं. मराठी कथेचं वर्ष दिवाळी अंकांभोवती फिरतं. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकानं दिवाळी अंक काढला आणि ती प्रथा पडली, अजून टिकून आहे. संपादकांना कथा साधारण जुलै-ऑगस्टमध्ये हातात हवी असते. आमच्याकडे नेमकी तेव्हाच श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही आमची देवी घरात बसते, भाऊबंद जमतात, नैवेद्याच्या रोटांचा स्वयंपाक असतो, घरात पाय ठेवायला जागा नसते. त्या आठवड्यात कथा पूर्ण करायची हे बाईला किती अवघड जातं, ते लिहिणाऱ्या पुरुषांना सांगूनही पटकन कळत नाही. मी आता कथा आषाढ संपायच्या आत संपवते.

पैशांचं स्पष्ट सांगते. समजा तुमच्या पुस्तकाची किंमत ३०० रुपये, प्रती ५००, आणि मानधन किमतीच्या १० टक्के ठरलं. सगळ्या प्रती खपल्या तर हाती येतात १५,००० रुपये. त्या खपायला दोन-तीन वर्षं लागू शकतात, लिहायला त्याहून जास्त लागलेली असतात. दिवाळी अंकांपैकी काही नीट मानधन देतात, काही नुसता अंक पाठवतात. एवढ्यावर घर चालत नाही, म्हणून नोकरी सोडू नका म्हटलं. नोकरी लिहिण्याच्या आड येते हे खरं, पण माझ्या निम्म्या कथा पतसंस्थेच्या काउंटरवरून आल्या आहेत हेही तितकंच खरं आहे.

एक गोष्ट मात्र शिकून घ्या, करार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. लेखकाचे हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. तेव्हा ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ अशी ओळ दिसली तर सही करू नका. तोंडी कितीही गोड बोलणं झालेलं असो, दोन पानांचा कागद मागा. ऑडिओ आणि चित्रपटाचे हक्क वेगळे लिहून घ्या. नवे लेखक हे मागायला लाजतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. मुद्रितंही (प्रूफं) स्वतः तपासा. मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर छपाईच्या जुन्या फाँटमध्ये नेताना जोडाक्षरं तुटतात.

लिहिलेलं कुणापर्यंत पोचेल का, हा प्रश्न मात्र कुणालाच सुटलेला नाही. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक १९५२ साली आलं. त्यांनी ते पाहिलं नाही. त्याच १९५२ मध्ये अमळनेरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. त्यानंतर थेट २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं संमेलन इथे आलं, आणि त्याच दिवसांत त्याला पर्याय म्हणून भरणारं विद्रोही साहित्य संमेलनही. तेव्हा ग्रंथप्रदर्शनात एक मुलगी माझा संग्रह उभ्यानं वाचत होती. मी बाजूला उभी राहिले, ओळख दिली नाही. तिनं एक कथा पूर्ण वाचली, पुस्तक जागेवर ठेवलं आणि गेली. विकत घेतलं नाही, पण कथा शेवटपर्यंत वाचली, आणि मला त्याचा अतिशय आनंद झाला.

तुम्ही लिहिलंय की चार कथा तयार आहेत. त्यातली जी सर्वांत जवळची वाटते ती आधी घरात मोठ्यानं वाचा, जीभ जिथे अडेल तिथे खूण करा. मग जूनच्या आत दोन अंकांना पत्र लिहून विचारा की कथा पाठवू का, आणि एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. दोन महिने उत्तर आलं नाही तर एकदा फोन करा, विचारण्यात कमीपणा नाही. संवाद अहिराणीत असतील तर ती ठळक टीप विसरू नका.