ट्रम्पेट : ओठ दाबून सूर चढत नाही

प्रश्न : मुलगा नववीत आहे, शाळेच्या बँडमध्ये वर्षभर ट्रम्पेट वाजवतोय. सुटे सूर स्वच्छ येतात. पण जीभ न लावता ‘प’वरून वरच्या ‘सा’वर जायचं म्हटलं की सूर फुटतो, नाहीतर नुसती हवा निघते. मी पेटी वाजवते, पण या वाद्यातलं मला कळत नाही. घरी त्याच्याकडून काय करून घेऊ?
— एक आई, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : पेटी येते ना, मग निम्मं काम झालं. बी-फ्लॅट ट्रम्पेटवर एकही पिस्टन (बोटाने दाबायची कळ) न दाबता निघणारा ‘सा’ म्हणजे तुमची काळी पाच. बोट न हलवता त्याच नळीतून खालचा सा, प, मधला सा, ग, वरचा प असे सूर ओळीने निघतात. त्यापुढे एक उतरलेला कोमल नी असतो, तो सध्या विसरा. या पायऱ्यांवर जीभ न मारता चढणं-उतरणं म्हणजे लिप स्लर.

ही मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही. आपल्याकडच्या मुलांच्या कानात मींड बसलेली असते, म्हणून ती दोन सुरांमधली जागा ओठांनी भरू बघतात. मधे नळी कुठल्याच सुराला आधार देत नाही. तिथे रेंगाळलं की सूर फुटणारच. प सुटताक्षणी सा लागला पाहिजे.

तो लावायचा कसा? मुलाला आधी शिट्टी वाजवायला सांगा, खालून वर. शिट्टी चढताना जिभेची पाठ टाळूकडे उचलली जाते, हे त्याला लगेच जाणवेल. ट्रम्पेटवरही तेच: खालच्या सुराला तोंडात ‘आ’, वरच्याला ‘ई’. ओठांचे कोपरे घट्ट, मधला भाग मोकळा, आणि फुंक अखंड. चढताना किंचित वाढलेली.

सुरुवात उतरण्यापासून करा, ते सोपं जातं. मेट्रोनोम ६० वर, म्हणजे मिनिटाला साठ ठोके. प दोन मात्रा, खालचा सा दोन मात्रा, पुन्हा प चार मात्रा. ‘ता’ म्हणजे जिभेचा ठोका, तो फक्त पहिल्या सुराला. मग माउथपीस ओठांवरून काढायचा आणि आठ मात्रा गप्प बसायचं. हा विसावा मुलं हमखास गाळतात. गाळू देऊ नका. त्यानंतर हेच पिस्टन दाबून: दुसरा, पहिला, पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा, शेवटी तिन्ही. दर वेळी नळी लांबते आणि सगळी शिडी अर्धा सूर खाली सरकते. म्हणजे पेटीवर सा अनुक्रमे पांढरी सहा, काळी चार, पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार, पांढरी तीन. तुम्ही तो सा धरून ठेवा, मुलाला सूर शोधावा लागणार नाही. प्रत्येक दोनदा म्हटलं तरी सगळं मिळून चार मिनिटांच्या आत संपतं. आठवडाभर रोज एवढंच. मग प ते मधला सा, त्यानंतर सा-ग-सा. वर जावं तशा पायऱ्या जवळ येतात, म्हणून नेम तिथेच चुकतो. लय वाढवायची घाई नको.

बिघडलं तर कान देऊन ऐका. दोन सुरांमध्ये पोकळी ऐकू आली तर फुंक थांबतेय. एकच लांब सूर वाजवतोय असं समजून फुंकायला सांगा. सा ओलांडून थेट ग लागला तर धक्का जास्त झाला. ‘वाँव’ असा आवाज आला तर जबडा हलतोय, समोर आरसा ठेवा. आणि वरचा सूर चिरका, बारीक येऊन ओठांवर माउथपीसचा खोल वळ उमटत असेल तर तो वाद्य ओठांवर दाबतोय. दाबाने वरचा सूर निघतो खरा, पण ओठातलं रक्त अडतं, थरथर थांबते आणि दहा मिनिटांत ओठ दमतो. दाबायचं साधन म्हणजे उजव्या करंगळीची आकडी. महिनाभर करंगळी आकडीच्या बाहेर, पिस्टनांच्या शेजारी ठेवायची. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडताना दिसत नाही.

प्रश्न : स्लरमध्ये ‘ग’ लागतो, पण पेटीशी लावला की उतरलेला वाटतो. ओठ कमी पडतात का?
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : नाही. उघड्या नळीतला ग हा निसर्गाचा ग आहे, तानपुऱ्यात ऐकू येतो तोच. पेटीचा ग त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. तानपुऱ्याबरोबर वाजवत असाल तर हात लावू नका. पेटी किंवा की-बोर्ड बरोबर असेल तर फुंकीने थोडा उचला, किंवा तो सूर पहिला-दुसरा पिस्टन दाबून घ्या. उलट, उघड्या नळीचाच सा धरला तर पहिला-तिसरा दाबून येणारा खालचा रे चढा असतो. तिथे तिसऱ्या पिस्टनची स्लाइड (सरकती नळी) साधारण एक सेंटिमीटर बाहेर काढायची. तिन्ही दाबून येणाऱ्या कोमल रेला त्याहून बरीच जास्त. स्लाइड अडकत असेल तर आधी ग्रीस लावा, ओढाताण करू नका.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, ७सी माउथपीस सोडून ३सी घ्या, स्लर सहज होतील.
— एक विद्यार्थी, रामबाग

उत्तर : बाख या माउथपीस बनवणाऱ्या कंपनीच्या मोजमापात दोघांच्या आतल्या व्यासात फरक एक दशांश मिलिमीटर: १६.२ आणि १६.३. काठाचा स्पर्श जरा वेगळा लागेल, स्लर आपोआप येणार नाहीत. आहे तो कोमट पाण्याने आणि माउथपीसच्या ब्रशने साफ करा.

प्रश्न : अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्यांपुढे (सजवलेल्या चित्ररथांपुढे) रात्रभर वाजवतो. दुसऱ्या दिवशी ओठ सुजतात, एकही स्लर होत नाही. तरी रियाज करायचा का?
— एक बँडवादक, इंदूर

उत्तर : सूज असेपर्यंत वाजवू नका. घोडा फुरफुरतो तसे ओठ दिवसातून तीन-चार वेळा मिनिटभर सैल फुरफुरवा. सूज उतरली की दहा मिनिटं, हळू आवाजात, फक्त प ते खालचा सा. मधल्या साच्या वर त्या दिवशी जायचं नाही. ओठ बधिर राहिला किंवा दुखणं आठवडाभर हटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. मिरवणुकीत वरची ओळ दोघांनी वाटून घ्या, एक फेरी तुमची, एक जोडीदाराची. आणि त्या रात्री तरी चुन्याचं पान नको. सोललेल्या ओठाला चुना झोंबतो.