अनुदान मागताना वेळ मागावा

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा अनुदान-प्रस्ताव, दोन्ही सावकाश वाचले. प्रस्तावात उपकरणांची यादी सविस्तर आहे, पण तुझ्या स्वतःच्या वेळेचा त्यात कुठेच उल्लेख नाही, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

रुग्ण तपासणारे संशोधक दुर्मीळ होत चालले आहेत, हा इशारा अमेरिकेत जेम्स विनगार्डन यांनी १९७९ मध्येच दिला होता. पुढे ते तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संचालक झाले. बाह्यरुग्ण विभागातल्या दिवसाचे उत्पन्न रुग्णालयाला मिळते, संशोधनाच्या दिवसाचे मिळत नाही, त्यामुळे त्या दिवसाचा खर्च कोणी उचलल्याखेरीज तो तुझ्या वाट्याला येणार नाही. मोठे सरकारी अनुदान बहुधा प्राथमिक निष्कर्ष हाती असलेल्यालाच मिळते आणि ते निष्कर्ष काढायलाच आधी मोकळा वेळ लागतो. दानसंस्थांचा पैसा खरा उपयोगी पडतो तो या टप्प्यावर.

अमेरिकेतल्या धनाढ्य वारसदार डॉरिस ड्यूक यांच्या संपत्तीतून उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठानाने २०१५ मध्ये एक वेगळा निधी सुरू केला. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असल्यामुळे ज्या तरुण डॉक्टरांचे संशोधन मागे पडते, त्यांना हाताखाली मदतनीस घेता यावा, एवढाच त्याचा हेतू. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, कारण माणूस संशोधन सोडतो तो बहुतेकदा अशाच दोन-तीन वर्षांत. (याच प्रतिष्ठानाचा पैसा प्राण्यांवरील प्रयोगांना मिळत नाही, तेव्हा दात्याच्या अटी अर्ज करण्यापूर्वीच वाच.)

माझ्या पहिल्या अनुदानाच्या वेळी विभागप्रमुखांनी आठवड्यातले तीन दिवस मोकळे देण्याचा शब्द तोंडी दिला होता. सहा महिन्यांत रात्रपाळ्या वाढल्या, ते दिवस गेले, आणि लेखी काहीच नसल्याने मला बोलता आले नाही. अमेरिकेतली के-०८ आणि के-२३ ही नवोदित डॉक्टर-संशोधकांसाठीची सरकारी अनुदाने साधारणपणे ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवण्याची अट घालतात. तेवढा वेळ मिळेलच असे नाही, पण मागणी तिथून सुरू कर.

तेव्हा उपकरणांपैकी जी विभागात उपलब्ध आहेत ती यादीतून काढ, त्या रकमेत तुझ्या पगाराचा संशोधनापुरता हिस्सा आणि एक संशोधन-समन्वयक बसव, आणि तुझे रुग्ण त्या दिवशी कोण पाहील हे विभागप्रमुखांकडून सहीनिशी लिहून घे. ते पत्र जोडलेला प्रस्ताव मला पुन्हा पाठव.