शुगर कमी झाली की श्वास का वाढतो?
तुम्ही विचारलंय की वडिलांची शुगर ५० च्या खाली गेली की ते जोरजोरात श्वास घेतात, बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन मात्र ९८ येतो, मग दम कशाचा. शुगरचाच आहे, फुफ्फुसाचा नाही.

मी लातूरला नर्स आहे, पण हे घरात आईला झालेलं बघितलं तेव्हा नीट डोक्यात बसलं. कार्तिकी एकादशीला तिनं सकाळी शुगरची गोळी घेतली अन् उपास धरला, दुपारी ओसरीवर शेंगा फोडता फोडता श्वास एकदम फास्ट झाला, बाबा म्हणले दमा उठला वाटतं, शेजारच्या काकू पंप आणायला पळाल्या. मी हात धरला तर गारेगार, घामानं चिप्प, बोटातली शेंग थरथरायलेली. मीटर लावलं, ४६.

मानेत दोन्ही बाजूंनी मेंदूकडं जाणारी धमनी जिथं दुभागते तिथं तांदळाच्या दाण्याएवढी गाठ असते, कॅरॉटिड बॉडी. रक्तात ऑक्सिजन किती आहे हे ती बघते, हे शोधणाऱ्या कॉर्नील हेमन्सना १९३८ चं नोबेल मिळालंय. शुगर घसरली की अंगात ॲड्रिनलिन सुटतं अन् ते या गाठीला चेतवतं, मग मेंदूच्या तळाशी श्वासाचं केंद्र आहे तिकडं निरोप जातो की श्वास वाढव. उंदरांमध्ये या गाठीची नस कापली तर शुगर पाडूनही श्वास तसा वाढत नाही.

खरी भीती याच्या उलट गोष्टीची आहे, श्वास संथ पडण्याची. मेंदू वजनानं जेमतेम २ टक्के, पण शरीराची २० टक्के ऊर्जा त्यालाच लागते, शुगर फार खाली जाऊन तशीच राहिली तर ते केंद्रच उपाशी पडतं, माणूस बेशुद्ध होतो अन् श्वास संथ पडतो. अशा बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर, पाणी काहीच घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

शुद्धीत असले तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत मीटर, ७० च्या खाली असेल तर परत तेवढीच. आईची ८८ आली अन् श्वास आपोआप बसला, पंप लागलाच नाही. पण मीटर आधी लावाच, कारण शुगर खूप वाढल्यावरही खोल अन् जोराचा श्वास लागतो, तोंडाला गोडसर वास येतो, त्यात साखर द्यायची नसते. अन् ग्लिमेपिराइडसारखी शुगर कमी करायची गोळी चालू असेल तर काही तासांनी शुगर परत पडू शकते, म्हणून भाकरी खाऊ घाला अन् त्या रात्री त्यांना एकटं झोपू देऊ नका.